सहाध्यायी आणि सहकारी : डॉ. महबूब उल हक यांचें स्मरण

मित्र पुष्कळांस लाभतात. परंतु ज्याच्याशीं मनसोक्त वाद घालावा, आणि वादांत हार मानावी लागली तरी ज्याच्याविषयींचा आदर वाढावा, असा सहकारी विरळाच. एकत्र शिकतो तो सहाध्यायी, ज्याचें हृदय निर्मळ तो सुहृद्, आणि एकच कार्य आपल्याबरोबर अंगावर घेतो तो सहकारी. हे तिन्ही अर्थ एकाच पुरुषाच्या ठायीं एकवटल्याचें उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडून गेलें आहे. नोबेल पारितोषिकाचे मानकरी डॉ. अमर्त्य सेन आणि पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ डॉ. महबूब उल हक यांच्या स्नेहाची ही हकीकत होय. ह्या स्नेहांतून अवघ्या जगाच्या उपयोगाची एक वस्तु निर्माण झाली, म्हणून ती घरोघरीं माहीत असावी असें आम्हांस वाटतें.

दोघांची गांठ पडली ती १९५३ सालीं, इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठांत. आणि तीहि जोन रॉबिन्सन ह्या नामांकित अर्थशास्त्रज्ञ विदुषींच्या व्याख्यानास जातांना वाटेंत. एक शांतिनिकेतनांत वाढलेला, संस्कृत पंडित क्षितिमोहन सेन यांचा दौहित्र. दुसरा लाहोरच्या सरकारी महाविद्यालयांतून आलेला तरुण. देशाची फाळणी होऊन अवघीं सहा वर्षें लोटलीं होतीं, आणि सरहद्दीच्या दोन्ही अंगांस जखमा अजून ओल्या होत्या. तरी परक्या मुलखांत ह्या दोघांस एकमेकांविषयीं परकेपणा वाटला नाहीं. जें अर्थशास्त्र आपण शिकतों, त्यांत माणसाच्या प्रत्यक्ष जगण्यास स्थान कितीसें आहे, हा दोघांच्याहि जिव्हाळ्याचा प्रश्न होता. त्या वेळीं जुळलेला स्नेह पुढें पंचेचाळीस वर्षें टिकला.

अमेरिकेंतील येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून हक स्वदेशीं परतले आणि नियोजन मंडळांत कामास लागले. कालांतरानें ते त्या मंडळाचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ झाले. राष्ट्राचें उत्पन्न वाढवावें म्हणजे संपत्ति आपोआप तळापर्यंत झिरपते, ही त्या काळची शिकवण होती, आणि १९६० नंतरच्या दशकांत पाकिस्तानचें उत्पन्न खरोखरच झपाट्यानें वाढलें. परंतु ह्या तरुण अधिकाऱ्यानें केवळ बेरीज पाहून समाधान मानलें नाहीं. ती बेरीज कोणाच्या पदरांत पडली हेंहि तपासून पाहिलें. १९६८ सालीं कराची येथें त्यानें उघड सांगितलें कीं, देशांतील सुमारें दोनतृतीयांश कारखानदारी अवघ्या बावीस घराण्यांच्या हातीं गेली आहे. ज्या योजनेच्या आंखणीस आपला हातभार लागला, तिचेंच फळ चारचौघांत कडू म्हणून सांगावयास धैर्य लागतें. 'बावीस घराणीं' हे शब्द त्यानंतर पाकिस्तानांत सर्वतोमुखी झाले.

१९७० ते १९८२ पर्यंत हक जागतिक बँकेंत होते. रॉबर्ट मॅक्नमारा हे त्या काळांत बहुतेक वर्षें बँकेचे अध्यक्ष होते. केवळ धरणें आणि रस्ते यांस कर्ज देऊन भागत नाहीं, दरिद्री माणसाचें अन्न, पाणी, औषध आणि शिक्षण यांचाहि हिशेब मांडला पाहिजे, हा विचार त्या संस्थेंत रुजविण्यांत हकांचा वांटा मोठा आहे. पुढें १९८५ सालीं ते पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले. हें पद एका लष्करशहाच्या राजवटींतील होतें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे; चरित्रांतील अवघड पान फाडून टाकणें ही कांहीं श्रद्धांजलि नव्हे. मात्र आपल्या अखेरच्या वर्षांत त्यांनीं सैन्यावर सढळ हातानें आणि शाळांवर हात आंखडून खर्च करणाऱ्या राज्यांस खडे बोल सुनावले. त्यांतून हिंदुस्थानास जसें वगळलें नाहीं तसें स्वदेशासहि वगळलें नाहीं.

आतां मुख्य प्रसंग. १९८९ सालीं हक न्यू यॉर्क येथें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमांत सल्लागार म्हणून आले, आणि त्यांनीं आपल्या जुन्या सहाध्यायास साद घातली. सर्व राष्ट्रांची प्रगति माणसाच्या जीवनावरून मोजणारा एक वार्षिक अहवाल काढावयाचा होता. इथपर्यंत मतभेद नव्हता. परंतु हकांना त्या अहवालांत प्रत्येक राष्ट्रासाठीं एकच आंकडा हवा होता, आणि सेन यांस तें मुळींच पटेना. माणसाचें जीवन इतक्या परींचें. तें एका आंकड्यांत कोंबणें हा त्यांस ओबडधोबडपणा वाटला. हकांनीं तो दोष नाकारला नाहीं. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, राष्ट्रीय उत्पन्नाचा आंकडाहि तितकाच ओबडधोबड आहे. त्यास पदच्युत करावयाचें तर समोर दुसरा तितकाच सुटसुटीत आंकडा उभा केला पाहिजे, फक्त तो माणसाच्या सुखदुःखाविषयीं आंधळा नसावा. पन्नास कोष्टकें छापलीं तर लोक तीं आदरानें बाजूस ठेवतील आणि पुन्हां उत्पन्नाच्याच आंकड्याकडे वळतील.

ज्याचा जन्म शाळेंत गेला त्यास ह्या वादाचें मर्म सांगावें लागत नाहीं. प्रगतिपुस्तकांतील एकूण गुण म्हणजे मुलगा नव्हे, हें प्रत्येक शिक्षक जाणतो. गणितांत अडखळणारा मुलगा काव्याचें मर्म जाणणारा असूं शकतो. एकूण गुण त्याविषयीं मौन पाळतात. तथापि पालकांची दृष्टि आधीं त्या बेरजेवरच जाते हेंहि तितकेंच खरें. तेव्हां बेरीज कशाकशाची करावी, हें ठरविणें हेंच शहाणपण. हकांनीं नेमकें तेंच केलें.

१९९० सालीं पहिला मानव विकास अहवाल निघाला आणि त्यांत १३० राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक दिलेला होता. त्याची घडण साधी होती. जन्मलेलें मूल सरासरी किती वर्षें जगेल, प्रौढांपैकीं शेंकडा किती साक्षर आहेत, आणि दरडोई उत्पन्नाची क्रयशक्ति किती, ह्या तीन गोष्टी घेऊन शून्य आणि एक यांमधील एक आंकडा काढावयाचा. त्यांत उत्पन्न वाढत जाईल तसतसें त्याचें वजन घटत जावें अशी तजवीज होती. कारण भुकेल्याच्या घरीं आलेला रुपया आणि श्रीमंताच्या तिजोरींत पडलेला रुपया यांचें मोल सारखें नाहीं.

ह्या मापानें काय दिसलें तें पाहा. त्या अहवालांत श्रीलंकेचें दरडोई उत्पन्न ४०० डॉलर, परंतु सरासरी आयुष्य ७१ वर्षें आणि प्रौढ साक्षरता शेंकडा ८७ अशी नोंद होती. ब्राझीलचें उत्पन्न २,०२० डॉलर. आयुष्य ६५ वर्षें, साक्षरता शेंकडा ७८. सौदी अरेबियाचें उत्पन्न तर ६,२०० डॉलर. परंतु आयुष्य ६४ वर्षें आणि साक्षरता शेंकडा ५५. पंधरापट धन असूनहि आयुर्मान सात वर्षांनीं कमी! धन हें साधन आहे, साध्य नव्हे, हें आपले पूर्वज सांगत आलेच. हकांनीं तें कोष्टकांत मांडून राज्यकर्त्यांस दाखविलें.

ह्या निर्देशांकांत उणिवा नाहींत असें नाहीं. सरासरीच्या पांघरुणाखालीं स्त्री-पुरुषांतील आणि गरीब-श्रीमंतांतील अंतर झांकलें जातें. म्हणून १९९५ सालीं स्त्री-पुरुष भेद दाखविणारें माप आलें, आणि २०१० सालीं विषमतेचा हिशेब धरणारेंहि आलें. सेन यांनीं ह्या कार्यांत मनापासून हात घातला, आणि पुढें जाहीरपणें लिहिलें कीं त्या वादांत महबूब यांचेंच म्हणणें बरोबर ठरलें. विद्वानाच्या लेखणींतून असा कबुलीजबाब क्वचितच उतरतो.

१६ जुलै १९९८ रोजीं न्यू यॉर्क येथें हकांचें निधन झालें. त्याच वर्षीं १४ ऑक्टोबरला सेन यांस नोबेल पारितोषिक जाहीर झालें, तेव्हां ते न्यू यॉर्कमध्येंच होते. दिवंगत मित्राच्या स्मृतिसभेसाठीं आले होते. दुसऱ्या दिवशीं संयुक्त राष्ट्रांच्या सभेंत ते बोलले, तें आपल्या सन्मानाविषयीं नव्हे, तर महबूब यांच्या धैर्याविषयीं आणि प्रतिभेविषयीं.

त्या प्रतिभेचें फळ आपल्या दाराशींहि आलें आहे. महाराष्ट्र शासनानें २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या मानव विकास अहवालांत जिल्ह्यांची अशीच मोजणी झाली; मुंबई अग्रभागीं, तर गडचिरोली सर्वांत शेवटीं होती. एकाच राज्यांतील हें अंतर नुसत्या उत्पन्नाच्या बेरजेंत इतकें स्पष्ट दिसलें नसतें.

एकत्र कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्यांनीं ह्यांतून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. वर्षाअखेर आपण जमाखर्चाची वही तपासतों आणि शिल्लक पाहून घर सुखी कीं दुःखी तें ठरवितों. त्याच वहींत आणखी दोन रकाने आंखावे: घरांतील वृद्धांची व बाळंतिणींची प्रकृति कशी राहिली, आणि मुलांबरोबरच मुली व सुना यांचें शिकणें-वाचणें किती पुढें गेलें. शिल्लक थोडी कमी पडून हे दोन रकाने भरले असतील, तर तें वर्ष तोट्याचें मानूं नये.