माचाचे आखाडे आणि स्पर्धेचे मोल

उज्जैनच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशास प्रथम देवास गेट लागते. मोटारींच्या अड्ड्याची गजबज ओलांडून तो जुन्या शहरात शिरला की दौलतगंज, भागसीपुरा, जयसिंगपुरा अशी मोहल्ल्यांची नावे त्याच्या कानी पडतात. महाकालाच्या दर्शनास निघालेल्या यात्रेकरूस ती केवळ वस्त्यांची नावे होत. माळव्याच्या लोकरंगभूमीचा अभ्यास करणारास मात्र ती पाठशाळांची नावे वाटतात. ‘माच’ नावाच्या नाट्यप्रकाराचे आखाडे याच मोहल्ल्यांत उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनीत नांदलेल्या मराठी कुटुंबांच्या दारावरून या माचाचे सूर गेले. परंतु त्याचे आपल्या शाहिरीशी असलेले नाते आम्ही क्वचितच ध्यानी घेतले. त्याविषयी येथे थोडे विवेचन करण्याचे योजिले आहे.

‘माच’ हा शब्द ‘मंच’ या संस्कृत शब्दापासून आला. उघड्यावर उभारलेला उंच मंच, ढोलक व सारंगी यांची साथ, आणि मालवी बोलीतील पद्यमय संवाद ही त्याची मुख्य अंगे होत. खेळाच्या कितीतरी दिवस आधी मुहूर्त पाहून, गुरूच्या हस्ते पूजा करून खांब रोवतात. प्रयोगाच्या आरंभी भिश्ती येऊन पाणी शिंपडतो, फर्रासन येऊन बिछायत घालते. मग देवतांचे व गुरूचे स्तवन होते. तमाशातील गण-गवळण आठवावी असाच हा क्रम आहे. पात्राने म्हटलेला ‘बोल’ मागे उभे राहिलेले ‘टेकिये’ उचलतात; आपल्याकडील झीलकऱ्यांचे काम ते हेच. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत, आणि खेळ रात्रभर चालून पहाटेस आटोपे.

ही विद्या शिकविण्याचे स्थान म्हणजे आखाडा. शाहिरांच्या भाषेत फड. तेथील गुरू हा एकाच वेळी कवी, दिग्दर्शक आणि शिक्षक असतो. परंपरेनुसार माचाचा आरंभ सुमारे दोनशे वर्षांपूर्वी भागसीपुऱ्यात गोपाल गुरूंनी केला. पुढे बालमुकुंद गुरूंनी त्यास घडीव रूप दिले. याविषयी एक आख्यायिका आहे. भागसीपुऱ्यातील माच पाहावयास गेलेल्या बालमुकुंदांचा तेथे अपमान झाला. त्या डंखातून त्यांनी जयसिंगपुऱ्यात आपला स्वतंत्र आखाडा उभा केला. ‘गेंदापरी’ या माचाचा प्रयोग चालू असतानाच त्यांनी देह ठेविला, असेही सांगतात. दौलतगंजात पुढे कालूराम उस्तादांचा आखाडा नावारूपास आला. आख्यायिकेतील तपशील कोणी मानोत वा न मानोत, तिचा अर्थ स्पष्ट आहे. अपमान झालेल्या मनुष्याने भांडण केले नाही. त्याने नवी नाटके रचिली. प्रतिस्पर्ध्यास द्यावयाचे उत्तर हे रचनेनेच द्यावयाचे, हा आखाड्यांचा अलिखित नियम होता.

या नियमाचे मूळ तुरा-कलगीच्या परंपरेत शोधिले जाते. चंदेरीच्या दरबारी तुकनगीर गोसावी व शाहअली फकीर यांचा काव्यविवाद झाला आणि राजाने एकास तुरा व दुसऱ्यास कलगी बहाल केली, अशी उत्तरेकडील दंतकथा आहे. तुरा शिवाचा, कलगी शक्तीची. आमच्याकडेही हैबती तुरेवाले, नागेश कलगीवाले; आणि शिव श्रेष्ठ की शक्ती, या प्रश्नावर सवाल-जबाब. कोकणात शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या आजही रंगतात. म्हणजे सातारच्या मुलुखातील शाहीर आणि उज्जैनीचा माचकार हे एकाच घराण्याचे दोन वंशज होत. या परंपरेतील चढाओढ हीच एक शिक्षणपद्धती होती. कारण कोड्याचे उत्तर देण्यास पुराणे धुंडाळावी लागत, छंद घोटावा लागे, भाषा परजावी लागे.

दूरच्या एका उदाहरणाने हा मुद्दा अधिक उजळेल. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर ‘हुला’ हे नृत्य आहे. त्याच्या पाठशाळेस ‘हालाऊ’ व गुरूस ‘कुमु हुला’ म्हणतात. 1820 मध्ये तेथे मिशनरी आले आणि 1830 मध्ये राणी काआहुमानूने सार्वजनिक हुलावर बंदी घातली. राजा कालाकाउआने (राज्यकाल 1874 ते 1891) त्यास पुन्हा राजाश्रय दिला. त्याच्याच स्मरणार्थ हिलो या गावी 1964 पासून ‘मेरी मोनार्क’ महोत्सव भरतो. 1971 पासून त्यात हुलाची स्पर्धा होते. प्रारंभी ती स्त्रियांचीच होती. 1976 पासून पुरुषांची पथकेही उतरू लागली. तेथील दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. पहिली अशी की, प्राचीन पद्धतीचा ‘काहिको’ आणि अर्वाचीन पद्धतीचा ‘आउआना’ या दोहोंतही पथकाचा कस लागतो. दुसरी अशी की, नाचावयाच्या गीताची मूळ संहिता, तिचा अर्थ आणि वेशभूषेमागील विचार यांचे टिपण परीक्षकांस आधी द्यावे लागते. म्हणजे तेथे पायांची परीक्षा होण्यापूर्वी अभ्यासाची परीक्षा होते. हवाईयन भाषा क्षीण होत चालली असताना तिचे शब्द ज्या ठिकाणी जपले गेले, त्यांत या पाठशाळांची गणना करावी लागते.

आता माचाकडे वळू. त्यास मान्यता मिळालीच नाही असे म्हणता येणार नाही. माचाची दीर्घ सेवा करणारे आणि संस्कृत नाटकेही माचाच्या ढंगात आणणारे उज्जैनचे ओमप्रकाश शर्मा यांस 2024 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. परंतु महोत्सवाच्या मंचावर रात्रभराचा खेळ तास-दोन तासांत बसवावयाचा म्हटला की कात्री चालणे अटळ असते. ती आरंभीच्या विधीवर चालते, टेकेच्या आवर्तनांवर चालते, आणि उरतो तो रंगीत फेटा व ढोलकाचा ठेका. अशा प्रयोगास पारितोषिक मिळाले तरी त्याने आखाड्यात एक नवा बोल रचिला जाईल, वा एक जुना बोल नव्या कंठात उतरेल, अशी शाश्वती नसते.

स्पर्धेस आमचा विरोध नाही. माच स्पर्धेच्याच पोटी वाढला. प्रश्न एवढाच की, ती स्पर्धा पाठशाळेकडून काय मागते? जी केवळ देखावा मागते ती देखावाच वाढविते. जी संहिता मागते ती कवी घडविते. शाळांच्या संमेलनांत लोकनृत्यास बक्षीस देताना मुलांना त्या गीतातील चार शब्दांचा अर्थ विचारावा, एवढे तरी शिक्षकांच्या हाती आहे. आणि माळव्यातील मराठी अभ्यासकांनी एखाद्या वृद्ध टेकियाजवळ बसून त्याच्या मुखातील बोल टिपून घेतले, हैबती-नागेशांच्या सवाल-जबाबांशी ते ताडून पाहिले, तर दोन्ही भाषांचे ऋण अंशतः फिटेल. त्यासाठी हवाईला जावयास नको. देवास गेटापासून दौलतगंज काही फार दूर नाही.