बैल नाहीत, तरी बारा गाड्या धावतात!

अक्षय तृतीया म्हणजे खान्देशची आखाजी. त्या सुमारास जळगाव-धुळ्याकडच्या अनेक यात्रांमध्ये बारागाड्या ओढल्या जातात. बैल जुंपायचे नाहीत. गाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांत माणसं दाटीवाटीनं बसवायची आणि त्या ओढायला पुढे भगत, म्हणजे देवाचा भक्त! दोन्ही बाजूंनी त्याला आधार देणारे ते बगले.

बारागाड्या कुठे खंडेरावाच्या, कुठे मरीआईच्या, कुठे भवानीच्या.

माणसांनीच ओढण्याची अशी प्रथा जपानातही आहे. तिथल्या किशिवादा शहरात सप्टेंबरमध्ये शेकडो लोक अवजड लाकडी रथ दोरांनी ओढत धावतात. आपल्याकडे मात्र सगळ्या गर्दीची नजर एकट्या भगतावर. हा थरार एकदा तरी बघायलाच हवा.

गाड्यांना ब्रेक नसतो. चाकाखाली येऊन माणसं दगावलीही आहेत, म्हणून वाट मोकळी ठेवा.

तुमच्या गावी बारागाड्या कोणत्या देवाच्या? जरूर सांगा.