सोन्याच्या मातीतली कविता

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल याला सोन्याचे कण दिसले. पुढच्या काही वर्षांत सुमारे तीन लाख माणसे तिकडे लोटली. त्यांच्यामागोमाग कविताही पोहोचली.

आरंभीची लोकप्रिय पद्ये साहित्यिकांची नव्हती. स्वतः सोने शोधायला आलेल्या जॉन स्टोनने १८५५ मध्ये गीतांचे छोटेखानी पुस्तक काढले. परिचित चालींवर बेतलेल्या या गीतांत फसवणूक, उपासमार आणि फजिती आहे. डोंगर-नद्या येतात त्या वाटेतील अडथळे म्हणून. सौंदर्य न्याहाळण्याची उसंत कोणाला होती?

ती उसंत जॉन रोलिन रिज याने घेतली. हा चेरोकी जमातीचा कवी १८५० मध्ये कॅलिफोर्नियात आला. शास्ता या हिमाच्छादित पर्वतावरील त्याची कविता त्याच्याच १८५४ मधील कादंबरीत आढळते. कादंबरी आहे ती वाकीन मुरिएता या मेक्सिकन दरोडेखोराची. खाणीवरून हुसकावला गेल्याने तो सूडाला प्रवृत्त होतो. रक्तपाताच्या या कथेत मध्येच थांबून रिज शास्ताचे शिखर दाखवतो: अचल, निर्विकार, मानवी कायद्याने आदर्श घ्यावा असे. ज्या प्रांतात मूळ रहिवाशांची संख्या सुमारे दीड लाखावरून १८७० पर्यंत तीस हजारांवर आली, तिथे एका आदिवासी कवीने ही अपेक्षा बाळगावी, हे विलक्षणच.

ब्रेट हार्टने १८६५ मध्ये संपादित केलेल्या काव्यसंग्रहाचे नाव खाणकामातील होते: भूपृष्ठावर उघडे पडलेले खडक, असा त्याचा अर्थ. वगळल्या गेलेल्या कवींनी आणि खाणवस्त्यांतील वृत्तपत्रांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. डिकन्सच्या निधनानंतर १८७० मध्ये लिहिलेल्या कवितेत मात्र त्याने निसर्ग आणि माणूस एकत्र आणले. सिएराच्या पाइनवृक्षांखाली शेकोटीभोवती बसलेले थकलेले खाणकामगार डिकन्सची कादंबरी ऐकतात आणि पत्ते बाजूला पडतात. त्याच वर्षी हार्टने पत्त्यांच्या डावात एकमेकांना फसवणारे गोरे आणि चिनी खेळाडू रंगवले. रोख गोऱ्यांच्या दांभिकतेवर होता. वाचकांनी मात्र ती कविता चिन्यांविरुद्ध वापरली. १८८२ मध्ये चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा झाला.

वाकीन मिलरने तर आपले नावच त्या दरोडेखोरावरून घेतले. १८७१ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संग्रहाने सिएराची शिखरे इंग्रज दिवाणखान्यांत पोहोचवली. स्वतःविषयी त्याने इतक्या दंतकथा पसरवल्या, की खरा खाणकामगार त्यात हरवतो.

आणि ज्या डोंगरांचे हे कवी गुणगान करीत होते, तेच पाण्याच्या प्रचंड झोताने फोडले जात होते. १८५३ च्या सुमारास सुरू झालेल्या या पद्धतीमुळे गाळ नद्यांत साठून खालच्या खोऱ्यातील शेती गाडली जाऊ लागली. अखेर १८८४ मध्ये न्यायालयाने नद्यांत गाळ सोडण्यास मनाई केली. मॅलाकॉफ डिगिन्स येथे त्या झोतांनी कोरलेले उघडेबोडके कडे आजही पाहता येतात.