मापाची खुर्ची

वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मारेगाव हे तालुक्याचे गाव आहे. भोवताली कापसाची काळी जमीन, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात चाकाला धरून ठेवणारी. आणि अशा मुलखात झाडावरून, विहिरीच्या काठावरून किंवा धावत्या मोटारसायकलवरून पडून ज्याच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे बळ गेले, त्या माणसाला पुढचे सारे आयुष्य ज्या एका यंत्राच्या आधाराने काढावयाचे असते, त्या यंत्राचा, म्हणजे चाकांच्या खुर्चीचा, आपल्याकडे व्हावा तितका विचार झालेला नाही. शिबिर भरते, दाखले पाहिले जातात, यादीतील नावे पुकारली जातात, आणि अंगाने भरलेल्या गृहस्थाला व सडपातळ मुलीला पुष्कळदा एकाच मापाची घडीची खुर्ची मिळते. देणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु जी वस्तू दिवसाचे दहा-बारा तास देहाचाच भाग होऊन राहणार, ती देहाचे माप न घेता देणे म्हणजे तिचा निम्मा उपयोग आधीच गमावणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

घडीची खुर्ची मुळात वाईट नव्हे. खाणीतील अपघाताने अपंग झालेले अमेरिकन अभियंते हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ च्या सुमारास बैठकीखाली फुलीसारखे दांडे बसवून मोटारीत मावेल अशी खुर्ची सिद्ध केली, तेव्हा घरात अडकलेल्या कित्येकांना बाहेरचे जग खुले झाले. पण घडीसाठी जितके सांधे, तितकी डळमळ. हाताच्या रेट्याचा काही अंश चाकाला न पोहोचता त्या सांध्यांच्या लवण्यातच जिरतो, आणि वजनही पंधरा-वीस किलोंच्या घरात जाते. १९७८ साली हँग-ग्लायडरच्या अपघातात पाय निकामी झालेल्या कॅलिफोर्नियाच्या मॅरिलिन हॅमिल्टन यांनी ग्लायडर बांधणाऱ्या आपल्या दोघा मित्रांना त्याच हलक्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांची खुर्ची करावयास सांगितली, आणि ती त्या काळच्या खुर्च्यांच्या निम्म्याहून कमी वजनाची झाली. एकसंध सांगाड्याच्या, म्हणजे रिजिड फ्रेमच्या, खुर्च्यांचा प्रसार तेथून वाढला. २०२५ साली मद्रासच्या आय. आय. टी.ने अशीच नऊ किलो वजनाची खुर्ची पुढे आणली. ही मधोमध मिटत नाही. परंतु तिची पाठ पुढे पाडता येते आणि एक्सलची कळ दाबताच मागची चाके निघतात, त्यामुळे ऑटोरिक्षात ती सुखाने मावते.

वाहन देहाकडे पाहून घडविले तर काय साधते, याचे उदाहरण मारेगावकरांना फार दूर शोधावे लागत नाही. वणीवरून पुढे जाऊन वर्धा नदी ओलांडली की वरोऱ्याचे आनंदवन येते. ते वसविणाऱ्या आणि १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करणाऱ्या बाबा आमट्यांना कण्याच्या विकारामुळे आयुष्याची पुढील कित्येक वर्षे बसताच येत नसे. एक तर उभे राहावे, नाही तर पडून राहावे, असा तो देह. तरीही १९८५ च्या अखेरीस कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालेल्या भारत जोडो यात्रेत ते होते, कारण झोपून प्रवास करता येईल अशी तजवीज त्यांच्या वाहनात केलेली होती.

आता प्रत्यक्ष जुळवणीकडे वळू. सर्वांत महत्त्वाचा निर्णय मागच्या एक्सलच्या जागेचा, आणि नेमका तोच बहुधा कोणी विचारात घेत नाही. भरलेली बैलगाडी धुरजड झाली की बैलांच्या मानेवर ओझे येते आणि उलाळ झाली की जू वर उचलले जाते, हे येथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही; खुर्चीचाही न्याय हाच. एक्सल फार मागे असेल तर भार पुढच्या लहान चाकांवर, कॅस्टरवर, पडतो, ती काळ्या मातीत रुततात, आणि प्रत्येक रेट्याला खांदा झिजतो. एक्सल जरा पुढे घेतला की कॅस्टर हलके होतात, खुर्ची सहज वळते, मात्र मागे कलंडण्याचे भय वाढते. म्हणून पहिल्या खुर्चीचा एक्सल सरकविता येईल असाच घ्यावा, आरंभी मागे आधाराची छोटी चाके लावावीत आणि तोल साधेल तसतसा एक्सल पुढे न्यावा. मागच्या दोन चाकांवर खुर्ची तोलून धरण्याची ही विद्या जाणत्या माणसाला पाठीशी उभे करूनच शिकावी. उंबरा, दगड आणि चाकोरी ओलांडण्याला तिच्यावाचून गत्यंतर नाही. बैठकीच्या उंचीची परीक्षा सोपी आहे: हात मागच्या चाकाच्या रिमच्या माथ्यावर ठेवला असता कोपराचा कोन साधारण १०० ते १२० अंशांचा असावा.

बैठकीची रुंदी कमरेच्या मापाची. वाढत्या अंगाचे कपडे शिवावेत तशी सैल नव्हे, कारण सैल बैठकीत माणूस एका बाजूला कलतो आणि कणा वाकतो. खोली अशी की गुडघ्यामागे दोन-तीन बोटे मोकळी राहावीत. ज्याचा धडावर ताबा आहे त्याची पाठ खांद्याच्या फऱ्याच्या खाली संपावी, म्हणजे हात मागपर्यंत जातो. आणि मापाची टेप देहाबरोबर घरालाही लावावी: संडासाचे दार बहुधा सर्वांत अरुंद असते, आणि बाजेची उंची बैठकीशी जुळली नाही तर दर रात्री दुसऱ्याच्या हाताची वाट पाहावी लागते. मारेगावसारख्या ठिकाणी कॅस्टर थोडे मोठे व रुंद घ्यावेत, मागे हवेचे टायर असावेत, आणि त्या मापाची ट्यूब गावच्या सायकल दुकानात मिळते की नाही हे खरेदीपूर्वी विचारावे.

कुशनविषयी मात्र काटकसर करू नये. संवेदना गेलेल्या कातडीला दाबाची वेदना कळत नाही आणि जखम हाडापर्यंत पोचल्यावरच घरच्यांच्या ध्यानी येते. अशा जखमेने प्राणही जातात. चांगले कुशन दाब वाटून घेते, तरी दर अर्ध्या तासाच्या आत पुढे वा बाजूला झुकून भार हलवावाच लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ सालीच मोजमाप, शिफारस, जुळवणी, वापराचे शिक्षण आणि नंतरची तपासणी ही खुर्ची देण्याच्या कामाची अंगे म्हणून सांगून ठेवली आहेत. हलकी खुर्ची महाग असते हे खरे. परंतु ग्रामपंचायतीच्या दिव्यांग निधीसाठी किंवा कोणा दात्याकडे अर्ज करताना कमरेची रुंदी, मांडीची लांबी, पोटरीची उंची, फऱ्यापर्यंतची उंची आणि वजन एवढे पाच आकडे फिजिओथेरपिस्टच्या सहीने जोडावयास काहीच खर्च येत नाही. असा कागद कचेरीत दाखल झाला म्हणजे मागणी नुसत्या खुर्चीची न राहता विशिष्ट खुर्चीची होते, आणि मंजूर करणाऱ्यालाही काय द्यावयाचे ते कळते. त्या कागदाची एक प्रत घरी ठेवावी, कारण इजेनंतरच्या पहिल्या वर्षात मांड्या आटतात, वजन बदलते, आणि माप पुन्हा घ्यावे लागते.