दुर्मीळ ते मोलाचेच असते का?

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा 2021 मध्ये आपल्याकडे आलेला खेळ खेळताना पाठीवरची पिशवी लगेच भरते. मग काय उचलावे? दुर्मीळ वस्तू आधी, असा बहुतेकांचा समज असतो. विदा-विश्लेषण (नोंदी तपासून निष्कर्ष काढणे) वेगळा प्रश्न विचारते: अडवलेल्या जागेच्या मानाने वस्तूचा उपयोग किती?

कोन-भिवंडी पट्ट्यातल्या गोदामांत टेम्पो भरताना हाच हिशेब असतो. खोके किती महाग, यापेक्षा त्याने अडवलेल्या जागेमागे भाडे किती सुटते, ते महत्त्वाचे.

खेळातली मेडकिट तब्येत पूर्ण भरून काढते, फर्स्ट एड किट 75 टक्क्यांपर्यंतच. पण मेडकिट दुप्पट जागा घेते आणि वापरायला वेळही जास्त लागतो. त्यामुळे एका मेडकिटऐवजी दोन फर्स्ट एड किट बहुधा बऱ्या. गोळ्यांचे तर आणखी स्पष्ट आहे: हाती फक्त एम416 बंदूक असेल, तर तिच्यात न चालणाऱ्या 7.62 च्या गोळ्या कितीही मिळोत, उपयोग शून्य.

यासाठी मोठे गणित लागत नाही. प्रत्येक डावानंतर काय वापरले आणि काय तसेच उरले, एवढे वहीत लिहा. एका डावावरून मात्र काही ठरवू नका. वीस-पंचवीस डावांच्या नोंदी जमल्या, की मगच काय उचलायचे याची आपली यादी बदला.