घाट उतरताना गिअर कोणता?

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी गाडी एका दमात १००० मीटरहून जास्त खाली येते. माणसं आणि सामान धरून तिचं वजन १२०० किलो असेल, तर या उतारात मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ३५ लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी असते. तिचा काही भाग हवेच्या आणि टायरच्या विरोधात जिरतो. बाकीचा सगळा भार ब्रेकवर टाकला, तर ते तापत जातात, पॅडची पकड ढिली होते आणि करपल्याचा वास येऊ लागतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली मऊ लागतं.

क्लचच्या गाडीत शिकलेल्या चालकाला यावरचा उपाय ठाऊक असतो. उतार लागला की तो दुसरा गिअर टाकतो आणि इंजिनलाच गाडी धरून ठेवू देतो. ऑटोमॅटिक गाडी घेतल्यावर मात्र ही सवय अनेकांच्या हातातून निसटते. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी गिअरबॉक्ससह आली आणि दोन पेडलची गाडी मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आली. मुंबई-पुण्याच्या गर्दीत डाव्या पायाला आराम मिळाला आणि लिव्हर ‘डी’वर गेली ती तिथेच राहिली. शेजारचं ‘एम’ म्हणजे मॅन्युअल मोड आणि त्याच्याजवळची अधिक-वजाची चिन्हं वेगाची हौस असणाऱ्यांसाठी असावीत, असा समज पसरला.

तो समज दूर व्हायला हवा, कारण सह्याद्रीत ही सोय सर्वात जास्त उपयोगी पडते ती उतारावर.

‘डी’मध्ये गिअरबॉक्सचा संगणक गाडीचा वेग, इंजिनचे फेरे आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय पाहून गिअर ठरवतो. उतारावर चालकाने पाय काढला की इंजिनवर भार नाही असं त्याला दिसतं आणि इंधन वाचवण्यासाठी तो वरचा गिअर टाकतो. वरच्या गिअरमध्ये इंजिनचा अटकाव कमी, म्हणून गाडी सुटते आणि चालक ब्रेक दाबतो. काही नव्या गाड्या उतार ओळखून खालचा गिअर धरून ठेवतात. पण पुढचं वळण आवळत गेलंय, त्याच्या पलीकडे उसाचा ट्रॅक्टर रेंगाळतोय, हे गिअरबॉक्सला दिसत नाही. चालकाला दिसतं. मॅन्युअल मोड आहे तो चालकाला दिसलेलं गिअरपर्यंत पोहोचवण्यासाठी.

इंजिन गाडीला अडवतं कसं? पाय काढल्यावर पेट्रोल इंजिनचा हवेचा मार्ग जवळजवळ बंद होतो. चाकं मात्र गिअरमार्फत इंजिनला फिरवत राहतात. बंद झालेल्या वाटेतून हवा ओढताना आणि आतल्या भागांचं घर्षण सोसताना इंजिन विरोध करतं. गिअर जितका खालचा, तितके फेरे जास्त आणि विरोधही जास्त. या वेळी आवाज वाढतो आणि नवखा चालक दचकतो. दचकण्याचं कारण नाही. बहुतेक पेट्रोल इंजिनांची लाल रेघ ६००० फेऱ्यांच्या आसपास असते. उतारावर काटा साडेतीन-चार हजारांवर राहिल्याने इंजिनचं काही बिघडत नाही.

पेट्रोल जास्त जळेल ही भीतीही अनाठायी आहे. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला, की ठरावीक फेऱ्यांच्या वर इंधनाचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या गाडीला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं इंधन लागतंच. म्हणजे इंधन वाचवायला न्यूट्रल करणारा इंधनही घालवतो आणि इंजिनचा आधारही. बोरघाटात न्यूट्रलवर सोडलेल्या अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन कितीतरी माणसं हकनाक गेली आहेत.

सराव मात्र घाटात सुरू करू नये. सकाळच्या रिकाम्या, सपाट रस्त्यावर ‘डी’मध्ये ४० चा वेग घ्यावा, लिव्हर ‘एम’कडे सरकवावी आणि पडद्यावर कितवा गिअर दिसतो ते पाहावं. मग वजाकडे एकदा. फेरे वाढतात, गाडी किंचित ओढल्यासारखी मंदावते; ती ओढ अंगाला कळली की अर्धं शिक्षण झालं. पुढे ढकलल्यावर गिअर चढतो की उतरतो, हे सगळ्या कंपन्यांत सारखं नाही. बीएमडब्ल्यू आणि माझदाच्या गाड्यांत पुढे ढकलणं म्हणजे खालचा गिअर, तर इतर कित्येक गाड्यांत नेमकं उलट. दुसऱ्याची गाडी हाती घेताना लिव्हरजवळची चिन्हं आधी पाहावीत.

चुकीचा गिअर मागून इंजिन मोडेल का, हा प्रश्न हमखास येतो. गाडी ते होऊ देत नाही. फेरे मर्यादेपलीकडे जाणार असतील तर संगणक मागणी नाकारतो, आणि गाडी थांबत आली की स्वतःच पहिल्या गिअरवर येतो. काही गाड्या काटा लाल रेघेला भिडला की आपणहून वरचा गिअर टाकतात. उतारावर असं झालं तर अटकाव अचानक कमी होतो, म्हणून काटा तिथवर जाण्याआधी ब्रेक वापरायचा. ब्रेकला सुट्टी द्यायची नाहीच. तो थोडा वेळ नीट दाबून वेग उतरवायचा आणि सोडायचा. सतत हलका पाय ठेवला की तो तापतो.

ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे: ज्या गिअरने घाट चढलात, त्याच गिअरने उतरा. आजही सुरुवातीला तोच अंदाज बरा. गिअर वळणात शिरण्याआधी बदलावा आणि एकेक करून उतरवावा. आंबोलीच्या पावसात, निसरड्या रस्त्यावर एकदम दोन गिअर खाली टाकले तर ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते ती घसरू शकतात. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. इंजिनने गाडी मंदावली तरी मागचे लाल दिवे बहुधा लागत नाहीत. मागे कुणी चिकटून येत असेल तर पेडलला हलका स्पर्श करून त्याला इशारा द्यावा.

चढावर आणि ओव्हरटेक करतानाही ‘एम’ कामाला येतं, विशेषतः एएमटीमध्ये. तिथे साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर ताकद तुटते. ट्रकच्या बाजूला पोहोचल्यावर ती तुटू नये म्हणून आधीच खालचा गिअर घेऊन ठेवायचा. दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये पुढचा गिअर तयारच असतो, म्हणून हा खंड जाणवत नाही. एएमटीची गाडी चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर उभी धरू नये. ‘डी’ असो वा ‘एम’, क्लच जळतो. तिथे ब्रेकच हवा.

सीव्हीटीमध्ये खरे गिअर नसतातच. दोन पुल्यांमधला पट्टा हवं ते गुणोत्तर साधतो. काही मॉडेलमध्ये संगणक ठरावीक पायऱ्या नेमून गिअरचा भास करून देतो. तशी सोय नसेल तर उतारासाठी ‘एल’, ‘एस’ किंवा ‘बी’ असतं. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत ‘२’ आणि ‘एल’ यासाठीच होते.

विजेच्या गाड्यांत हेच काम मोटर करते: उतारावर ती जनित्र होते आणि बॅटरी भरते. ह्युंदाईच्या कोना इलेक्ट्रिकमध्ये स्टीअरिंगमागच्या पॅडलनी या अटकावाची पातळी बदलता येते. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर वीज साठवायला जागा उरत नाही आणि अटकाव कमी पडतो. लोणावळ्यात मुक्काम करून सकाळी खोपोलीकडे उतरायचं असेल, तर चार्जिंग ८०-८५ टक्क्यांवर थांबवावं.