डाळिंबातली सैल किल्ली

पाळी जाण्याच्या वयात डाळिंब खावं, त्यात इस्ट्रोजेन असतं, असं आमच्या मोहल्ल्यातल्या बायका म्हणतात. मी कवी, पण शास्त्र वेगळं सांगतं. डाळिंबातल्या एलॅजिटॅनिनपासून आतड्यातले जीवाणू युरोलिथिन बनवतात. इस्ट्रोजेनच्या कुलपात ही किल्ली बसते, पण सैल.

अशी वनस्पतिद्रव्यं बिनकामाची नसतात. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हरच्या कुरणात चरणाऱ्या मेंढ्यांना गर्भ राहीना. मात्र त्यांचा रोजचा चाराच तो होता. वाटीभर दाण्यांचं तसं नाही.

म्हणून डाळिंब आवडीनं खावं, औषध म्हणून नव्हे. स्तनाच्या कर्करोगावर उपचार चालू असतील, तर अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.